मोतीबिंदू थांबतो, बाकीचे थांबत नाहीत

कुठल्याही भाऊंचा, दादांचा नाहीतर साहेबांचा वाढदिवस आला की चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर रक्तदानाच्या खाली हमखास एक ओळ असते, भव्य मोफत नेत्र तपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर. आधीच सांगतो, मला याची चेष्टा करायची नाहीये. या शिबिरांमुळे गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना परत दिसायला लागलं, सून जेवण वाढतीय की मुलगी हे आवाजावरून ओळखणाऱ्या आज्या परत सुईत दोरा ओवायला लागल्या, हे काय छोटं काम नाही. जे.जे. हॉस्पिटलच्या डॉ. तात्याराव लहानेंनी तर लाखावर मोतीबिंदू काढले, आनंदवनापर्यंत जाऊन शिबिरं घेतली, २००८ ला त्यांना पद्मश्री मिळाली ती योग्यच होती.

माझी तक्रार वेगळी आहे. इतकी वर्षं शिबिरं बघून बघून आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू असं बसलंय, सरकारच्या, देणगी देणाऱ्यांच्या आणि आपल्या स्वतःच्याही. आणि मोतीबिंदूची गंमत अशी की डोळ्याच्या मोठ्या आजारांमधला तोच एक तुमच्यासाठी थांबतो. आज ऑपरेशन केलं काय, दिवाळीनंतर केलं काय, ऊसतोडीवरून आल्यावर केलं काय, शक्यतो दृष्टी परत येतेच (फार वर्षं दुर्लक्ष केलं आणि डोळ्यात प्रेशर वाढलं तर गोष्ट वेगळी). काचबिंदू थांबत नाही, शुगरने खराब होणारा डोळ्याच्या मागचा पडदा थांबत नाही, कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा तर अजिबात थांबत नाही. आपली सगळी व्यवस्था आणि आपली सवय मात्र थांबणाऱ्या आजाराच्या हिशोबाने बनलीय. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारने आणि संस्थांनी आता किती ऑपरेशनं केली हे मोजत बसण्यापेक्षा, दृष्टी जायच्या आधी किती लोकांचे डोळे नीट तपासले हे मोजायला सुरुवात करावी.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की अहो पण आकडे बघा. बघू ना. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्के निघालं आणि पन्नाशीच्या पुढच्या अंध लोकांमध्ये ६६.२ टक्क्यांचं कारण मोतीबिंदू होतं. म्हणजे दोन तृतीयांश. मग मोतीबिंदू सोडून दुसरीकडे कशाला बघायचं? तर सोडा असं मी म्हणतच नाहीये. पण हा आकडा आज आंधळे असलेल्यांचा आहे, आणि त्यातला मोतीबिंदूवाला माणूस उद्या ऑपरेशन झालं की त्या यादीतून बाहेर पडतो. काचबिंदूवाला यादीत आला की मरेपर्यंत यादीतच राहतो. दोघांना एकाच तराजूत कसं तोलायचं? शिवाय मोतीबिंदूचं काम जसजसं होत जाईल तसतसा बाकीच्या आजारांचा वाटा वाढणारच, आणि शुगरवाल्यांची संख्या तर आपल्या डोळ्यादेखत वाढतीय. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ ला आलेल्या अभ्यासात देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे असं निघालंय.

एकेकाळी आपल्याकडे डोळे जायचे ते खुपऱ्यांनी (पापण्यांच्या आतल्या बाजूचा संसर्ग), अ जीवनसत्त्व नसल्याने, देवीने. देवी गेली, अ जीवनसत्त्वाचा डोस लहान मुलांना मिळायला लागला आणि खुपऱ्या हा आता भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीरही केलं. म्हणजे आपल्याला जमतं. १९७६ ला अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, केंद्राचे पैसे होते, त्याच वर्षी मदुराईला डॉ. वेंकटस्वामींनी ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं आणि पुढे १९९२ ला त्यांच्याच ऑरोलॅबने डोळ्यात बसवायची लेन्स इथेच बनवायला घेतली. तोपर्यंत ती लेन्स बाहेरून यायची आणि सामान्य माणसाला परवडायची नाही, ऑपरेशननंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा नाकावर यायचा. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना तो चष्मा आठवत असेल. तो गेला, आणि तो घालवला तो कमी पैशात चांगलं काम ठरवून केल्यामुळे. हीच अक्कल बाकीच्या आजारांना का लावायची नाही, हा माझा प्रश्न आहे.

काचबिंदू घ्या. डोळ्यातलं प्रेशर वाढतं (साधारण १० ते २१ हे नॉर्मल समजतात, पण नॉर्मल प्रेशरमध्येही काचबिंदू होतो बरं का) आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं अगदी टीव्हीवरच्या पट्टीवरचं बारीक अक्षरसुद्धा दिसत असतं, फक्त कडेचं दिसणं कमी होत जातं, आणि एका डोळ्याचं काम दुसरा डोळा सांभाळून घेतो त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. चालताना उंबऱ्याला ठेच लागते, बाजूने आलेली गाडी दिसत नाही, आपण म्हणतो वय झालं. दक्षिण भारतात गावोगाव जाऊन जे अभ्यास झाले त्यात काचबिंदू सापडलेल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं. माझ्या नात्यातल्या एका मामांनी एका डोळ्याने धूसर दिसायला लागल्यावर दोन वर्षं काढली, कशासाठी तर मोतीबिंदू अजून पिकला नसेल म्हणून. तो मोतीबिंदू नव्हताच. त्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. आणि पिकायची वाट बघा हा सल्ला मोतीबिंदूसाठीसुद्धा कधीच जुना झालाय, आता त्रास व्हायला लागला की करून टाका म्हणतात, फार कडक झालेला मोतीबिंदू काढायला उलट अवघड जातो. पण गावात पारावर अजून तोच सल्ला चालू आहे.

काचबिंदूचा एक दुसरा प्रकारही आहे जो अचानक येतो, एका बाजूचं डोकं फुटायला येतं, डोळा लाल, दिव्याभोवती रंगीत कडी, उलट्या. त्यात माणूस डोळ्याच्या डॉक्टरकडे जातच नाही, पित्त झालंय म्हणून गोळी घेतो नाहीतर अर्धशिशी म्हणून अंधारात पडून राहतो, आणि एकदोन दिवसात डोळा जाऊ शकतो.

हळूहळू येणाऱ्या काचबिंदूला उपचार काय, तर रोज थेंब, आयुष्यभर. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकते. इथेच आपली योजना तोकडी पडते. महात्मा फुले जन आरोग्य योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूने भांडलोय लोकांशी, पण तिची रचना अ‍ॅडमिट होऊन करायच्या उपचारांची आहे. ऑपरेशन असेल तर पॅकेज आहे, दर महिन्याला मेडिकलमधून आणायच्या थेंबाच्या बाटलीला पॅकेज नाही. म्हणजे सरकार महागडं काम करायला तयार आहे आणि ते काम टाळणारं स्वस्त काम तुम्ही तुमच्या खिशातून करा. शेतमजूर बाई दर महिन्याला काही शे रुपये न दुखणाऱ्या डोळ्यावर घालवेल का? दोनचार महिने घालवेल, मग मुलाची फी येईल आणि थेंब बंद. कोणी तिला अडाणी म्हणू नये, शिकलेले लोकही बीपीची गोळी अशीच सोडतात. यावर एक चांगला मार्ग आहे, डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट मोकळी करून प्रेशर उतरवणारा एसएलटी नावाचा लेसर. इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झाली, २०१९ ला छापून आली, त्यात आधी हा लेसर केलेल्या साधारण तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षं थेंबांची गरज लागली नाही. तिथले पेशंट सुरुवातीच्या टप्प्यातले होते आणि सगळ्या प्रकारच्या काचबिंदूला हा लेसर चालत नाही हे खरं, पण जिथे दर महिन्याची बाटली परवडत नाही तिथे काही मिनिटांचा लेसर किती उपयोगाचा आहे विचार करा. असं मशीन प्रत्येक जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये असावं आणि चालवणारा माणूसही असावा, कारण आपल्याकडे मशीन येतं, उद्घाटन होतं आणि मग ते प्लास्टिकच्या कव्हरखाली झोपतं.

शुगरचं प्रकरण त्याहून वाईट, कारण इथे पेशंट कोण आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं! काचबिंदूवाला शोधावा लागतो, शुगरवाला तर दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात येऊन फुकटची गोळी घेऊन जातो. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या सोबत मधुमेहाचंही झालं होतं, त्यात पन्नाशीपुढच्या शुगरवाल्यांमध्ये १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर परिणाम झालेला होता. दर सहामधला एक. या लोकांना सुरुवातीला काहीही जाणवत नाही. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, मग नवीन कमकुवत वाहिन्या फुटतात आणि एक दिवस डोळ्यात रक्त उतरतं, समोर काळी जाळी येते, तेव्हा माणूस पळत सुटतो. तोपर्यंत पडद्याचा डॉक्टर, इंजेक्शनं, लेसर, मोठं ऑपरेशन, पुणे-मुंबईच्या चकरा. वेळेत सापडलं असतं तर शुगर-बीपी कडक ठेवून आणि लागला तर लेसर करून बहुतेकांची नजर वाचते.

आणि शोधायचं कसं, तर फोटो काढून. बस. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आता हातात धरायएवढा झालाय, तो काढायला डॉक्टर लागत नाही. केरळने नयनामृतम नावाने हेच केलं, आरोग्य केंद्रातली नर्स फोटो काढते, दुसरीकडे बसलेला तज्ज्ञ तो बघून सांगतो याला पुढे पाठवा, याला वर्षाने बोलवा. इंग्लंडमध्ये प्रत्येक शुगरवाल्याला फोटोचं बोलावणं जातं, आणि २०१४ साली तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं की पन्नास वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिल्या नंबरचं कारण मधुमेह राहिलेला नाही. आता फोटो बघून प्राथमिक निवाडा देणारे एआयसुद्धा आलेत, गुगलने अरविंदच्या डॉक्टरांबरोबर हे काम करून २०१६ ला प्रसिद्धही केलं होतं. एआय म्हणलं की काही लोक लगेच हुरळतात आणि काही लगेच घाबरतात, मला दोन्ही नको, मला फक्त बार्शी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात गोळी घ्यायला आलेल्या माणसाचा फोटो निघायला हवाय, मग तो कोणी का बघेना.

आपल्याकडे माणसं नाहीत असंही नाही. ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेत्र चिकित्सा अधिकारी हे पद आहे, आशा ताई तीस वर्षांवरच्या लोकांचा जो फॉर्म भरतात त्यात धूसर दिसतं का वगैरे प्रश्न आहेत. पण या लोकांना टार्गेट कशाचं असतं? मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं. जे टार्गेट असतं तेच काम होतं हे कुठल्याही सरकारी ऑफिसात बसलेल्या माणसाला विचारा. अमुक जिल्ह्यात अमुक हजार ऑपरेशनं झाली अशी बातमी येते, अमुक हजार शुगरवाल्यांपैकी किती जणांचा पडदा या वर्षी बघितला अशी बातमी मी तरी वाचली नाही. आणि टार्गेटच्या मागे पळण्याचे तोटेही आहेत. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या बडवानीत सरकारी शिबिरात ऑपरेशन झालेल्या चाळीसच्या वर लोकांचे डोळे इन्फेक्शनने गेले. दिसावं म्हणून आलेली माणसं ती.

चष्म्यावर तर बोलायचंच राहिलं, जे खरं सगळ्यात आधी बोलायला पाहिजे होतं. दृष्टीचा सगळ्यात स्वस्त इलाज चष्मा आहे आणि त्याला आपण इलाज मानतच नाही. चाळिशी लागली की जवळचं दिसत नाही, हा आजार नाही, ते सगळ्यांना होतंच, पण विडी वळणारी, पैठणी विणणारी, ब्लाऊज शिवणारी, तांदूळ निवडणारी बाई चाळिशीत असते आणि तिचं पोट जवळच्या नजरेवर असतं. आसाममध्ये चहाची पानं खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या मजुरांवर एक चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांचं खुडणं चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत २१ टक्क्यांहून जास्त वाढलं. कुठल्या खताने की योजनेने एवढं उत्पन्न वाढतं सांगा. सप्टेंबर २०२५ मध्ये चष्म्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आणला, चांगलं केलं, पण सोलापूरच्या विडी कामगार बाईला जीएसटी नाही, चष्मा पाहिजे. तपासणी करून नंबरचा कागद हातात देणारी शिबिरं खूप झाली, तो कागद देव्हाऱ्याच्या मागे खोचून ठेवलेला असतो. रेडिमेड चाळिशीचा चष्मा जागेवर द्यायला काय अडचण आहे?

याच्या उलट टोकाला आपण शहरातले लोक. आपल्याला चष्मा नको असतो, तो घालवायचा असतो. २०२४ ला मुंबईच्या एका कंपनीचे चाळिशीचे थेंब आले, चष्मा घालवणारे थेंब म्हणून पेपरात, टीव्हीवर असा काही गाजावाजा झाला की विचारू नका, आणि अशा दाव्यांना परवानगी दिलीच नव्हती म्हणून महिन्याभरात औषध नियंत्रकांनी त्याची परवानगीच स्थगित केली. ते औषध पिलोकार्पिन, काचबिंदूसाठी कित्येक दशकं वापरात आहे, बाहुली बारीक करतं म्हणून काही तास जवळचं जरा बरं दिसतं, एवढंच त्याचं काम. मोतीबिंदूतही तेच. ब्लेडलेस रोबोटिक लेसर म्हणून जास्तीचे हजारो रुपये घेतात, पण फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या मोठ्या चाचण्यांत साध्या फेकोपेक्षा (मशीनने मोतीबिंदू फोडून काढायचं नेहमीचं ऑपरेशन) त्याचा निकाल काही सरस आला नाही. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्सने चष्मा सुटतो बहुतेकांचा, खरंय, पण रात्री समोरच्या गाडीच्या लाईटभोवती वलयं दिसू शकतात हे ट्रक चालवणाऱ्या माणसाला आधी सांगितलं पाहिजे ना. पुण्यात झालेली एक चाचणी २००५ ला छापून आली होती, ४०० रुग्णांवर, फेको आणि हाताने छोट्या छेदातून करायचं ऑपरेशन यांची तुलना. दोन्ही सुरक्षित निघाली, चष्मा लावून दोन्हीकडचे लोक सारखंच छान बघत होते, फेकोवाल्यांना बिनचष्म्याचं थोडं जास्त बरं दिसत होतं इतकंच. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने हवी ती लेन्स बसवावी, माझं काही म्हणणं नाही. फक्त साधी लेन्स बसवलेल्या आईला आपण कमी केलं असं वाटून कोणी कर्ज काढू नये.

तपासण्या वाढवल्या की खाजगीवाले लोकांना घाबरवून लुटतील, हा आक्षेप मला मान्य आहे, आत्ताही मोफत तपासणी हे कित्येकदा गिऱ्हाईक आत आणायचं दार असतं. पण म्हणूनच ही तपासणी सरकारी केंद्रात, ठरलेल्या नियमाने, ठरलेल्या लोकांची व्हावी. सगळ्यांचे सगळे डोळे तपासा असं कोणी म्हणत नाही. शुगरवाल्यांचा वर्षातून एकदा पडद्याचा फोटो. चाळिशीनंतर ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू होता त्यांचं प्रेशर आणि नस. शाळेत जी तपासणी होते त्यात नुसता शेरा मारायच्या ऐवजी चष्मा हातात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा पडदा पहिल्या महिन्याच्या आत, कारण तिथे उशीर म्हणजे आयुष्यभराचा अंधार. आणि मेडिकल दुकानदाराने चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब द्यायचे नाहीत, हा नियम आहेच, तो पाळायला लावायचा. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीकडे आणि मग सगळीकडेच डोळे येण्याची साथ आली तेव्हा लोकांनी काउंटरवरून काय काय थेंब नेले देव जाणे. डोळे आले की बहुतेकदा आपोआप आठवडा-दोन आठवड्यात जातात, स्टिरॉइडने लाली झटकन जाते म्हणून ते लोकांना आवडतं, आणि तेच महिनोन् महिने टाकत राहिलं की काचबिंदू होतो. उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या ॲलर्जीवाल्या शाळकरी पोरांची नजर अशी गेलेली डॉक्टर लोक सांगतात.

पैसा कुठून आणायचा, तर ज्या साहेबांचा वाढदिवस आहे त्यांच्यापासूनच सुरुवात करता येईल. शिबिर घ्याच, फक्त या वेळी फ्लेक्सवर अजून दोन ओळी वाढवा, शुगरवाल्यांच्या पडद्याचा फोटो आणि चाळिशीचा चष्मा जागेवर. कॅमेरा भाड्याने आणा, नाहीतर जिल्ह्यातल्या एखाद्या ट्रस्टच्या नेत्र रुग्णालयाला हाताशी धरा. आणि तुमच्या घरात कोणाला शुगर असेल तर शिबिराचीही वाट बघू नका, या महिन्यात बाहुली मोठी करून पडदा बघून घ्या. थेंब टाकल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यांना सहन होत नाही, म्हणून गाडी चालवत जायचं नाही, बरोबर कोणाला तरी घेऊन जायचं आणि गॉगल न्यायचा.